खळ्याच्या दोन बाजू : ‘गावगाडा’, ‘बलुतं’ आणि युद्धापूर्वीचा कामधंदा

आजचा विषय आहे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळातला आपल्या भागातला कामधंदा. पण हे इतिहासाचं व्याख्यान नाही. आम्ही दोन पुस्तकांविषयी बोलणार आहोत. एक त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’, प्रकाशन १९१५. दुसरं दया पवार यांचं ‘बलुतं’, प्रकाशन १९७८. पहिलं गावाच्या व्यवस्थेचं वर्णन, दुसरं आत्मकथन. दोहोंमध्ये त्रेसष्ट वर्षांचं अंतर. तरी दोन्ही एकाच जागी येऊन उभी राहतात, आणि ती जागा म्हणजे सुगीच्या दिवसातलं खळं. एकजण खळ्यावरच्या राशीकडून पाहतो, दुसरा राशीपुढं पसरलेल्या पदराकडून. आमचं म्हणणं एवढंच आहे की यातलं एकच पुस्तक वाचून युद्धापूर्वीच्या कामधंद्यावर बोलू नये.

हा विषय आत्ताच का, असं कुणी विचारेल. तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलं बारा बलुतेदार होऊन येतात. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गावाचे पुतळे उभे आहेत, तिथं सहली जातात. आणि सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं : पूर्वी गाव स्वयंपूर्ण होतं, प्रत्येकाला काम होतं, पैसा लागतच नव्हता. आपण नगरची माणसं, आता अहिल्यानगर म्हणतो, आपणही हे म्हणतो. हे वाक्य कितपत खरं आहे, ते आज तपासून पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. या दोन पुस्तकांत आणि जुन्या कागदांत जातींची नावं कामाची नावं म्हणूनच येतात. ती टाळून हा विषय मांडता येत नाही. म्हणून ती आम्ही घेणार आहोत, जशी दस्तऐवजात आहेत तशी.

आधी ‘गावगाडा’.

पुस्तक १९१५ मध्ये आलं तेव्हा युरोपात युद्ध सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं किंवा जेमतेम झालं होतं. म्हणजे आत्रे ज्या गावाचं चित्र काढतात ते युद्धापूर्वीचंच गाव. ते सरकारी नोकरीतले, खेडोपाडी फिरलेले. त्यांनी गाव पाहिलं ते ओसरीवर बसून आणि दप्तर उघडून, दोन्ही रीतींनी. मराठीत गावाच्या व्यवहाराकडे असं बारकाईनं पाहणारं पुस्तक त्याआधी नव्हतं, आणि आजही समाजशास्त्राचे अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. कोण काय काम करतो, त्याबद्दल काय घेतो, कधी घेतो, हक्क म्हणून किती आणि मागून किती, हे सगळं ते एकेक करून सांगतात. त्यांच्या पानांवरचे शब्द गोळा केले तरी एक छोटा कोश होईल. ही शाबासकी पहिल्यांदा द्यायला हवी, कारण पुढं आम्ही त्यांच्याशी भांडणार आहोत.

बलुत्याचं यंत्र कसं चालायचं? एक उदाहरण घेऊ. विहिरीवरची मोट. आपल्याकडे बहुतेकांच्या आजोबांनी मोट हाकलेली असते. मोटेचं चाक आणि लाकूडकाम सुताराचं. लोखंडी कडी लोहाराची. चामड्याची मोट शिवायची चांभारानं. ती ओढायचा नाडा वळायचा मांगानं. शेतकरी यातल्या कुणालाही त्या दिवशी पैसे देत नाही. मोट फाटली की निरोप जातो, माणूस येतो, काम होतं. हिशेब सुगीला, खळ्यावर. मळणी झाली, रास पडली, की ज्याचा त्याचा वाटा. बलुतेदारांच्या ओळी असत, थोरली, मधली, धाकटी. थोरलीला जास्त, धाकटीला कमी. बारा कोण यावर मात्र गावागावात एकमत नाही. कुठं सोनार बलुत्यात, कुठं नाही. कुठं कोळी, कुठं मुलाणा. तेली, तांबोळी, साळी, माळी, शिंपी, गोंधळी हे आलुत्यात. बारा हा आकडा पक्का वाटतो, पण यादी गावागणिक बदलते.

आता मोटेकडे परत या. आम्ही मघाशी सुतार, लोहार, चांभार, मांग असे चार जण मोजले. पण चांभाराकडे चामडं आलं कुठून? गावातला बैल मेला. तो ओढून नेला महारानं. सोलला त्यानं. मग ते कातडं कमवणाऱ्या ढोराकडे गेलं आणि तिथून चांभाराकडे. म्हणजे मोटेची पहिली कडी महाराच्या हातात आहे. पण मोट कुणाच्या हातची, असं विचारलं तर उत्तर येतं, चांभाराच्या. पहिल्या माणसाचं नाव त्या कामाला लागत नाही. त्याचं काम मेलेलं जनावर ओढणं म्हणून वेगळं नोंदलं जातं, घाण काम म्हणून. ‘कसब’ हा शब्द त्याच्या वाट्याला येत नाही. कातडं न फाडता, न कापता सोलणं हे कसब नाही काय? विचारून पाहा कुणा जाणत्याला.

इथं आमचा पहिला मुद्दा येतो. गावातल्या धंद्यांची यादी जे काम घेत होते त्यांनी केली. ज्याच्या हातात हत्यार दिसलं, करवत, घण, आरी, वस्तरा, त्याच्या कामाला त्यांनी धंदा म्हटलं. ज्याच्या हातात हत्यार दिसलं नाही त्याच्या कामाला चाकरी म्हटलं.

महाराचं काम पाहा. सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा. अंमलदार आला की त्याची बडदास्त, त्याच्या घोड्याची बडदास्त. दवंडी द्यायची. मयताचा सांगावा परगावी न्यायचा, दिवस असो की रात्र. शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची. यातलं शेवटचं जरा नीट बघा. गावाची शीव कुठून जाते, कोणत्या ओढ्याला वळते, दगड कुठं पुरला आहे, हे ज्याला ठाऊक तो गावाचा चालता नकाशा. जुन्या तंट्यांत महाराच्या शब्दाला वजन होतं ते याचमुळं. आज हेच काम करायला मोजणी खात्याचा माणूस यंत्र घेऊन येतो, आणि त्याला आपण तज्ज्ञ म्हणतो.

आत्रे महाराचं काम लपवत नाहीत, ते तपशिलानं सांगतात. पण त्यांच्या पुस्तकाचं गणित एका बाजूनं मांडलेलं आहे. त्यांचा प्रश्न असा : कुणब्याच्या राशीवर किती जण बसतात? हक्काचं बलुतं, वर घुगरी, वर पेंढी, वर सणाची मागणी. एका घराण्याचे भाऊ वाढले, वतनाच्या पाळ्या पडल्या, काम एकजण करतो आणि हक्क सांगायला सगळे येतात. काम वाईट केलं तरी वाटा ठरलेला, म्हणून काम चांगलं करण्याची कुणाला गरज नाही. कुणबी मात्र पिचत जातो. यावर उपाय काय? ज्याला ज्याचं काम हवं त्यानं त्याला कामापुरतं द्यावं, जन्माचा हक्क नको, या दिशेला त्यांचं म्हणणं जातं.

आम्हाला यातलं बरंच पटतं. आत्र्यांच्या वेळी कुणबी खरोखर पिचलेला होता. त्याच सुमाराला हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास केला. १७७१ मध्ये तिथं सरासरी जमीन ४० एकर होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, असं त्यांनी दाखवलं. नगर जिल्हा तर त्याहून कोरडा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी इथली माणसं आणि जनावरं दोन्ही खचली होती. राशीच लहान झाली तर वाटेकरी डोळ्यांवर येणारच. म्हणूनच स्वयंपूर्ण, सुखी गावाची गोष्ट सांगणाऱ्यांना आम्ही म्हणतो, आधी ‘गावगाडा’ वाचा. गाडा रुतला आहे असं सांगणारं ते पुस्तक आहे, आणि ते सांगणारा माणूस त्या काळातलाच आहे.

पण राशीवर कोण किती बसतं हे मोजणाऱ्यानं एक प्रश्न विचारला नाही. यातलं काम नको म्हणायची सोय कुणाला होती?

सुताराला थोडी होती. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. नगर, राहुरी, कोपरगाव लोहमार्गावर आलं. सुतार, लोहार शहरात गेला तर त्याचं हत्यार त्याच्याबरोबर जायचं आणि तिथं त्याला भाव होता. महाराचं काम मात्र वतनाला जोडलेलं. १८७४ च्या वतन कायद्यानं ते सरकार-दप्तरी पक्कं झालं. वतनाची जमीन, बलुत्याचा हक्क, आणि त्याबदल्यात घरातल्या कुणीही, कोणत्याही वेळी हजर राहायचं. हत्यार नाही, ठरलेली वेळ नाही, आणि नाही म्हणायची मुभाही नाही. सैन्यात जावं तर १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ती पुन्हा उघडली ती युद्धामुळं. १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, मोडलीसुद्धा. म्हणजे आत्रे लिहीत होते ती नेमकी वर्षं अशी होती की या माणसाला गावाबाहेरचं एक मोठं दार बंद होतं.

दुसरी उणीव फिरस्त्यांबद्दलची. ‘गावगाड्या’त गावावरून फिरत जाणाऱ्या जमातींचं लांबलचक वर्णन आहे, आणि त्याचा सूर एकंदरीत असा की हे गावाला लुबाडतात. आत्र्यांचं त्याआधीचं पुस्तक ‘गुन्हेगार जाती’, १९११ सालचं. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा नव्यानं, जास्त कडक होऊन आला. या माणसांचा धंदा काय होता? लमाण बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. वडार दगड फोडत, मातीकाम करत. कैकाडी टोपल्या विणत. घिसाडी लोखंडाची कामं करत. वैदू झाडपाला देत. पाथर्डी तालुक्यात मढीची यात्रा आठवा. होळी ते रंगपंचमी भटक्यांचे तांडे तिथं जमतात, गाढवांचा बाजार भरतो. गाढवांचा बाजार भरतो याचा अर्थ तिथं वाहतूकदार जमतात, व्यापार होतो. रेल्वे आली तशी लमाणांची वाहतूक गेली. जंगलाचे कायदे आले, पारध्याची शिकार गेली. धंदा आधी गेला आणि ठपका मागून आला. आत्र्यांनी ठपका नोंदवला. गेलेला धंदा त्यांच्या हिशेबात तितक्या ठळकपणे येत नाही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर जातात हे आपण सगळे जाणतो.

आता खळ्याची दुसरी बाजू.

दया पवारांचा जन्म १९३५ चा, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. ‘बलुतं’ या नावातच त्यांचा सगळा युक्तिवाद आहे. आत्र्यांच्या पुस्तकात बलुतं म्हणजे कुणब्याच्या राशीतून जाणारा वाटा. पवारांच्या पुस्तकात बलुतं म्हणजे जन्माबरोबर झोळीत पडलेलं आयुष्य. तोच शब्द, पण देणाऱ्यानं उच्चारला तर खर्च आणि घेणाऱ्यानं उच्चारला तर नशीब.

‘बलुतं’मध्ये गावकीच्या कामांचं वर्णन येतं. त्यातली बरीच कामं ‘गावगाड्या’तही आहेत. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली. कामं तीच, पण पवारांकडे एक गोष्ट जास्त आहे. ते काम करताना माणसाला काय वाटतं, आणि ते करताना आपल्याला पाहणाऱ्या मुलाला काय वाटतं. आपल्या आईला, आपल्या नातलगांना मागताना पाहणारं मूल ‘गावगाड्या’त कुठंही नाही. हिशेबाच्या वहीत ते असणारही नाही.

दुसरं, पवार मुंबईही दाखवतात. कावाखान्यातलं जगणं, गोदीकडे जाणारे पुरुष, कचऱ्यातून कागद-चिंध्या वेचणाऱ्या बाया. गाव सोडून रोख मजुरीकडे गेलेल्या माणसाला रोख मिळाली म्हणून तो मोकळा झाला असं ते कुठंही म्हणत नाहीत. आणि बायांचं काम! ‘गावगाड्या’त कारू म्हणजे पुरुष. कुंभाराच्या चाकाला माती मळून कोण देत होतं, परटाच्या भट्टीवर कोण उभं होतं, गावातल्या बाळंतपणाला अपरात्री कोण जात होतं? पवारांच्या पुस्तकात आईचे कष्ट पानोपानी दिसतात. घर कुणाच्या मजुरीवर उभं आहे याबद्दल तिथं शंका उरत नाही.

इथं एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पवार लिहितात ते १९४० च्या आगेमागचं गाव. ते पहिल्या युद्धाच्या आधीचं कसं मानायचं? शिवाय ते आत्मकथन. आठवणीत भर पडते. आम्हाला हे मान्य आहे. ‘बलुतं’ वाचून १९१० मधल्या धान्याचं माप काढू नका. पण १८७४ च्या कायद्यानं बांधलेली वतनी चाकरी पवारांच्या लहानपणीही कायद्यानं चालूच होती. ती संपली १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे १९१५ आणि १९४० या दोन काळांत बरंच काही बदललं, पण ही एक गाठ सुटली नव्हती. त्यामुळं तिच्यापुरती पवारांची साक्ष मागच्या काळालाही लागू पडते.

दुसरा आक्षेप असा की बलुत्यात निदान पोटाची हमी होती, रोखीत ती गेली. हे अर्धं खरं. पाऊस पडला तर हमी होती. दुष्काळात रासच पडली नाही तर वाटा कसला? दुष्काळी कामांवर खडी फोडायला कुणबी आणि महार दोघंही गेले, आणि तिथं मोजून काम, मोजून मजुरी होती. पुढं पवारांच्याच अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण बांधलं गेलं, १९१० ते १९२६. सोळा वर्षं. एवढ्या दिवसांत किती घरांना पहिल्यांदा रोख मजुरी दिसली असेल, विचार करा. त्या मजुरीत कष्ट कमी होते असं नाही. पण संध्याकाळी काम संपत होतं. गावकीचं काम संपत नव्हतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बलुत्याऐवजी रोख असं म्हणणारे आत्रे एकटे नव्हते. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक आणलं. त्यातही बलुत्याचं रूपांतर पैशात करावं अशी मागणी होती. ते मंजूर झालं नाही. दोघांच्या मागणीतलं हे साम्य फसवं आहे. आत्र्यांना रोख हवी होती ती देणाऱ्याचा भार कमी व्हावा म्हणून. आंबेडकरांना हवी होती ती करणाऱ्याला काम सोडता यावं म्हणून. वहीत दोघांचा आकडा एकाच रकान्यात पडेल, पण एकाला हिशेब नीट करायचा आहे आणि दुसऱ्याला हिशेबातून माणूस सोडवायचा आहे.

म्हणून युद्धापूर्वीच्या कामधंद्याबद्दल बोलताना आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. जे काम सोडता येतं, ज्याचा दाम करणाऱ्याला मागता येतो, आणि जे पोरानं शिकावं की नाही हे घरात ठरवता येतं, त्याला धंदा म्हणा. बाकीच्याला दुसरं नाव शोधा. या कसोटीवर बारापैकी पूर्ण उतरणारे फार थोडे निघतील. सुतार-लोहारही अर्धेच उतरतील. कणेरीच्या पुतळ्यांपुढं उभं राहताना मुलांना हे सांगायला हरकत नाही. पुतळ्याला काम सोडून जाता येत नाही, तसंच त्या माणसालाही जाता येत नव्हतं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना आणली, पारंपरिक कारागिरांसाठी. तिच्या यादीत १८ धंदे आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी आहेत. चांगलं आहे, मदत मिळायलाच हवी. पण यादी वाचताना आम्हाला मोट आठवली. पहिली कडी तिथंही नाही. शीव ओळखणारा, सांगावा नेणारा, जनावर सोलणारा यांचं काम कारागिरीत धरलं जात नाही. त्या कामात परत जावं असं कुणीच म्हणणार नाही, आम्हीही नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या गावाचा अर्धा कारभार ज्यांनी पायी वाहिला त्यांच्या कामाला साधं ‘काम’ म्हणून तरी मोजा, एवढी मागणी अवाजवी नाही.

मग वाचायचं कसं? आमचा सल्ला असा. ‘गावगाडा’ शब्दांसाठी आणि व्यवहारासाठी वाचा, हातात पेन्सिल घेऊन. भाषा जुनी आहे, पहिली तीस पानं जड जातील, पुढं गोडी लागते. जिथं लेखक चिडतो तिथं खूण करा आणि विचारा, हा कुणाच्या बाजूनं चिडला आहे? मग ‘बलुतं’ घ्या, आणि त्याच खुणांपाशी परत या.

आणि एक काम घरचं. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी माणूस असेल तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा. जात विचारू नका, ती तुम्हाला ठाऊकच आहे. तीन प्रश्न विचारा. तुमच्या वडिलांना ते काम कुणी शिकवलं? त्याचं मोल कोण ठरवायचं? आणि एखाद्या दिवशी ‘आज येत नाही’ असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? तिसऱ्या प्रश्नाला समोरचं माणूस थोडा वेळ गप्प बसेल. घाई करू नका. जे उत्तर येईल ते लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत.

एवढं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.